सेल्फ जड फिरतोय

तळोदा असो, शहादा असो की नंदुरबारजवळची एखादी मिरचीची पथारी, सकाळी सातच्या सुमाराला चहाच्या टपरीसमोर एक जुनी जीप उभी असते आणि तिच्यातून एक आवाज येत असतो. तो कागदावर उतरवणं अवघड आहे. साधारण ‘घर्र... घर्र... घ... र्र...’ असा. घरातल्या आजोबांना पहाटे उठवायला गेलं की ते कूस बदलताना काढतात, त्या जातीचा. दुसऱ्या ‘घर्र’ला चहा पिणारे कप खाली ठेवतात. तिसऱ्याला बाकावरची मंडळी उठतात. चौथ्यापर्यंत बॉनेट उघडलेलं असतं आणि त्यात सात डोकी असतात. मालकाचं डोकं आठवं. त्याला जागा मिळत नाही.

‘काय जयं भो?’

‘बॅटरी उतरी गयी.’

विचारणारा आत्ताच आलेला असतो आणि सांगणाऱ्याने बॅटरी अजून पाहिलेलीही नसते. पण निदान झालेलं असतं. कुणाचं डोकं दुखो, पाय दुखो की कर्जाचा हप्ता थको, आपल्याकडे काही मंडळी ‘पित्त असेल’ म्हणून मोकळी होतात. मोटारींच्या वैद्यकात पित्ताची जागा बॅटरीची आहे. तिच्यानंतर क्रमांक लागतो ‘सेल्फ गेला’ या निदानाचा. तिसरं मत ‘धक्का मारा’. हे निदान नव्हे, उपचार आहे; पण मतदान घेतलं तर हेच निवडून येईल.

मुळातला शब्द ‘सेल्फ स्टार्टर’. आपल्या गॅरेजपर्यंत पोचताना त्यातला ‘स्टार्टर’ गळून पडला आणि नुसता ‘सेल्फ’ उरला. गळलेला स्टार्टर वाया गेला नाही. आधी तो शेतातल्या पंपाला लागला, मग लग्नातल्या जेवणाला. सेल्फ मात्र गाडीतच राहिला आणि त्यामुळे मिस्त्री लोकांना एक अद्भुत स्वातंत्र्य मिळालं. ‘तुमचा सेल्फ कमजोर झालाय’, ‘सेल्फ जड फिरतोय’, ‘सेल्फ खोलून साफ करावा लागेल’, अशी वाक्यं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर, हातातला पाना पुसत, बिनदिक्कत बोलतात. हेच बोलायला एखाद्या बाबाला तीन दिवसांचं शिबिर भरवावं लागतं.

नंदुरबार जिल्ह्यात जुन्या जीपचं एवढं प्रस्थ का, हे नकाशा पाहिल्यावर कळतं. खाली तापीचं सपाट खोरं, वर सातपुडा, आणि पलीकडे नर्मदा. तळोद्याहून धडगावला जायचं तर चांदसैलीचा घाट, अक्कलकुव्याहून मोलगीला जायचं तर देवगोईचा घाट, शहाद्याहून तोरणमाळला जायचं तर सात पायरी. या वाटांवर एके काळी जी वस्तू चढायची ती म्हणजे माणूस, बैल किंवा जीप. मुंबईत महिंद्रांनी १९४९ मध्ये विलीज जीपचे सुटे भाग जोडायला सुरुवात केली, पुढे उंच बॉनेटची सीजे ३बी आली आणि ती इतकी वर्षं बनत राहिली की अमेरिकेत १९६८ साली बंद पडलेलं मॉडेल आपल्याकडे बिनधास्त लग्नाच्या वरातीत फिरत होतं. बॉनेट उंच असण्याचं कारण रुबाब नाही. आतलं नवं ‘हरिकेन’ इंजिन जुन्यापेक्षा उंच होतं, ते मावेना, म्हणून झाकण वर उचललं. डबा भरल्यावर झाकण लागेना की आपणही हेच करतो.

या जीपच्या मालकाला तिच्या वयाचा कोण अभिमान. नंबरपाटीवर ‘एमएच १८’ म्हणजे धुळे असतं, कारण १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा होऊन त्याला ‘एमएच ३९’ मिळण्याआधीच गाडीची नोंदणी झालेली असते. ‘आमची गाडी जिल्ह्यापेक्षा मोठी आहे’ हे वाक्य मालक वर्षातून निदान चाळीस वेळा ऐकवतो. तिला विंटेज म्हणायची घाई मात्र करू नये. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम काढले. गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, इंधन भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. यातला शेवटचा प्रवास आमच्या जीपचा तसाही नेहमीचाच. अडचण वेगळी आहे. बहुतेक जुन्या जीपचं मूळ पेट्रोल इंजिन पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून कधीच उतरवलं गेलं आणि त्या जागी डिझेल बसलं, पुष्कळदा प्यूजोच्या घराण्यातलं २,११२ सीसीचं. म्हणजे गाडी म्हातारी, हृदय बदललेलं, आणि कायद्याच्या दृष्टीने ती विंटेज नव्हे, नुसतीच जुनी. सेल्फच्या दुखण्याची पहिली नोंद इथेच करून ठेवावी, कारण इंजिन बदलताना मालकाने एक गोष्ट बदललेली नसते. ती पुढे येईल.

सेल्फ नव्हता तेव्हा काय होतं? हँडल होतं. रेडिएटरच्या खालून एक वाकडी दांडी आत घालायची आणि ताकदीने वर खेचायची. जुन्या चालकांची शिकवण अशी की अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि दांडी खाली दाबायची नाही, वर ओढायची. इंजिन मध्येच उलटं फिरलं तर हँडल हाताला असा झटका देतं की मनगट जागेवर राहत नाही. अंगठ्याच्या बाजूचं मनगटाचं हाड मोडण्याच्या या प्रकाराला डॉक्टरांनी ‘शोफर्स फ्रॅक्चर’ असं नावच दिलं आणि अस्थिरोगाच्या पुस्तकांत ते अजून आहे. गाडीने माणसाला धडक न देता, जागेवर उभं राहून हाड मोडलं आणि त्याचं शास्त्रात नाव झालं, असं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

ही पीडा घालवली चार्ल्स केटरिंगने. हा अमेरिकन गृहस्थ आधी दुकानांची कॅश रजिस्टरं बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचं यंत्र हाताने फिरवावं लागू नये म्हणून त्याने तिथे छोटी विजेची मोटर बसवली होती. कॅडिलॅक गाडीसाठी सेल्फ करायचा विचार सुरू झाला तेव्हा जाणत्यांचा हिशेब असा होता की इंजिन फिरवायचं तर मोटर जवळजवळ इंजिनाएवढी लागेल. केटरिंगला गल्ल्याने शहाणपण शिकवलेलं होतं. मोटर दिवसभर चालवायचीच नाहीये, चार-पाच सेकंद चालवायची आहे. तेवढ्यापुरता तिच्यावर कितीही भार टाका, तापायच्या आत तिचं काम झालेलं असेल. १९१२ च्या कॅडिलॅकला सेल्फ लागला. फोर्डच्या मॉडेल टीला मात्र विजेच्या सेल्फसाठी १९१९ उजाडावं लागलं. तोवर गरिबांची मनगटं खुली होती.

तेव्हा सेल्फचा स्वभाव लक्षात घ्यावा. पाहुणे गल्लीच्या तोंडाशी आल्याचा फोन आल्यावर जो माणूस दहा मिनिटांत अख्खं घर आवरतो, त्याच्यासारखा तो आहे. जोर अचाट, पण पंधराव्या मिनिटाला तो सोफ्यावर आडवा. म्हणून सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबावं, असं सांगतात. टपरीवरचा समाज याच्या बरोबर उलट सांगतो. ‘मार, मार, मार! सोडू नको! आते चालू व्हई जाई!’ मालक मारत राहतो. सेल्फ तापतो, बॅटरी खरोखरच उतरते, आणि पहिल्या मिनिटाला चुकीचं असलेलं निदान सातव्या मिनिटाला बरोबर ठरतं. सांगणारा विजयी मुद्रेने चहाकडे परततो.

आता खरा रोग. इंजिन फिरवताना सेल्फ पेट्रोल गाडीत शंभर-दोनशे अँपिअरपर्यंत वीज ओढतो, डिझेलमध्ये त्याहून कितीतरी जास्त. घरातला पंखा अर्धा अँपिअरही घेत नाही, यावरून कल्पना यावी. एवढा लोंढा वाहताना वाटेत अगदी चिमूटभर अडथळा असला तरी तो भोवतो. समजा तारेत, टर्मिनलवर, कुठेतरी एक शतांश ओहमचा अडथळा आहे. मीटरवाला म्हणेल, हे काय दाखवायच्या लायकीचं आहे? पण २०० अँपिअर वाहताना एवढाच अडथळा २ व्होल्ट गिळतो. बारा व्होल्टांतले दोन वाटेतच गेले. शिवाय ४०० वॅटची उष्णता त्या सांध्यावर तयार होते, म्हणजे टर्मिनलला हात लावून ‘गरम लागतंय’ म्हणणारा मुलगा त्या गर्दीतला एकमेव शास्त्रज्ञ असतो. त्याला सगळे ‘बाजूला हो’ म्हणतात.

गंमत म्हणजे जमलेल्या सातांपैकी पाच जण शेतकरी असतात आणि त्यांना हे गणित पाण्याच्या भाषेत पाठ असतं. विहिरीला पाणी आहे, मोटर पाच हॉर्सपॉवरची आहे, आणि तरी पपईच्या शेवटच्या ओळीला थेंब पोचत नाही, तेव्हा ते विहिरीला शिव्या देत नाहीत. पाइप कुठे दबलाय, फिल्टर कुठे चोंदलाय, हे बघत बांधावरून चालत जातात. जीपजवळ आले की तोच माणूस थेट विहीर बदला म्हणतो.

अगदी जुन्या जीपांत तर ६ व्होल्टची यंत्रणा. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच ताकदीला अँपिअर दुप्पट, म्हणजे तारा बोटाएवढ्या जाड हव्यात. त्या कधीतरी कुजतात आणि दुकानातून आजकालच्या गाड्यांची तार आणून लावली जाते. बाहेरून तीही जाडच दिसते. जाडी प्लॅस्टिकची असते, आत तांबं बारीक. इंजिन पेट्रोलचं काढून डिझेलचं बसवणाऱ्या मालकाने जी गोष्ट बदललेली नसते ती ही तारच. सून नवी, दमदार, भूक मोठी. चूल तीच आजेसासूच्या काळची. वर डिझेलची अडचण अशी की त्यात ठिणगी नाही. हवा वीस-बावीस पट दाबून तिच्या उष्णतेने इंधन पेटतं. पेट्रोल इंजिन हळू फिरलं तरी कुरकुरत का होईना उठतं. डिझेल हळू फिरलं की दाबलेली हवा पेटण्याइतकी तापायच्या आतच गार पडते. मग इंजिनातले हीटर प्लग कितीही लाल होवोत.

मीटर नसताना रोग ओळखायची एक युक्ती आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. हेडलाइट लावायचे आणि सेल्फ मारायचा. एकाने फक्त लाइटकडे बघायचं. सेल्फ रडत फिरतोय आणि लाइटही मरायला टेकले, तर बॅटरी दुबळी आहे किंवा मोटर नाहीतर इंजिन भलतंच जड झालंय. वीज जातेय, पण पुरत नाही. सेल्फ रडतोय आणि लाइट मात्र लग्नघरासारखे लख्ख, तर बॅटरी निर्दोष आहे, ती द्यायला तयार आहे, मधल्यामध्ये कुणीतरी अडवतंय. सरकारी योजनांचा अनुभव असलेल्या माणसाला हा दुसरा प्रकार जास्त समजावून सांगावा लागत नाही.

मीटर असेल तर अजून सोपं. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरं सेल्फच्या बोल्टवर ठेवायचं आणि सेल्फ मारायचा. त्या तारेने किती व्होल्ट खाल्ले ते आकड्यात दिसतं. अर्धा व्होल्ट म्हणजे तक्रारीला जागा. एक व्होल्ट म्हणजे तारेची रवानगी भंगारात. जुन्या जीपांत पायाने दाबायचा सेल्फचा खटका असतो. त्याच्या पोटातली तांब्याची चकती जळून काळी पडते आणि तिचाही वाटा यात निघतो.

एवढं केल्यावर मंडळी थांबतात, आणि इथेच चूक होते. नवापूरचं रेल्वे स्टेशन ठाऊक असेल. सुरत–भुसावळ मार्गावरच्या त्या स्टेशनातून दोन राज्यांची हद्द जाते. एकाच बाकड्याचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. सेल्फची वीजही अशीच दोन राज्यांतून फिरते. बॅटरीपासून सेल्फपर्यंत तारेने जाते, हा झाला महाराष्ट्र. परत येते ती सेल्फच्या अंगातून, इंजिनातून, चॅसीतून बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे गुजरातमार्गे. मालक, मिस्त्री आणि टपरीवाले सगळे महाराष्ट्राच्या हद्दीत तपास करतात. पलीकडे कुणी फिरकतच नाही, कारण तिकडे तार दिसत नाही.

दिसत नाही, पण एक असते. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असल्याने ते चॅसीला विजेच्या दृष्टीने नीट चिकटलेलं नसतं. म्हणून दोघांमध्ये तांब्याची विणलेली पट्टी लावतात. तिला गॅरेजात ‘अर्थ’ म्हणतात. अर्थ तुटला की पुढचं सगळं निरर्थक होतं, हा विनोद जिल्ह्यातल्या प्रत्येक वायरमनने केलेला आहे. ही पट्टी निमूटपणे तेल, चिखल आणि घाटातले हादरे खात हिरवी होते आणि एक दिवस तिचे निम्मे धागे तुटलेले असतात. किंवा त्याहून वाईट घडतं. घरात लग्न निघतं आणि मालक जीपला रंग देतो. पेंटर मन लावून काम करणारा असतो. तो अर्थचा बोल्ट सोडतो, खालचा पत्रा घासतो, छान दोन हात मारतो आणि वाळल्यावर बोल्ट परत घट्ट बसवतो. रंगावर. दुसऱ्या दिवसापासून सेल्फ जड फिरायला लागतो आणि मालक म्हणतो, ‘रंग दिला आणि दृष्ट लागली.’

दृष्ट नव्हे, पण वीज हट्टी असते. तिला घरी परतायचंच असतं. अर्थचा रस्ता बंद दिसला की ती इंजिनाला जोडलेल्या दुसऱ्या कुठल्याही धातूतून वाट काढते, आणि पुष्कळदा ती वाट चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. शंभर अँपिअरची वरात त्या बोळातून. केबल तापते, तिच्यावरचं प्लॅस्टिक वितळतं, डॅशबोर्डच्या खालून धूर निघतो. चहा पिणारे पुन्हा कप खाली ठेवतात. ‘चोक जळाला’ असं नवं निदान होतं आणि माणसं धुळ्याहून नवी चोक केबल मागवतात. ती बसते. तीही जळते.

यावरचा उपाय मिनिटभराचा आहे. जंपर केबल घ्यायची, एक चिमटा बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरा इंजिनाच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला. सेल्फ मारायचा. मघाचं ‘घर्र... घ... र्र’ जर एकदम ‘घर्रर्रर्र’ झालं, तर खटला निकाली. नवी पट्टी आणायची, रंग खरवडायचा, बोल्ट आवळायचा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवायची, पुसायची, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. सगळा खर्च टपरीच्या त्या सकाळच्या बिलात बसतो. गर्दी मात्र नाराज होते. एवढे सात जण अर्धा तास उभे राहिले आणि निघालं काय, तर पट्टी! निदान आर्मेचर तरी जळायला हवं होतं.

कधी कधी जळलेलं असतंही, किंवा त्याच्या अलीकडचं काही झालेलं असतं. मग सेल्फ खाली उतरतो. तो हातात घेतल्यावर मुसळाएवढा जड लागतो आणि उघडल्यावर आत काळी पूड निघते. ती कार्बनची. कार्बन म्हणजे ब्रश. ते झिजून निम्म्याहून कमी उरले की त्यांच्यामागची स्प्रिंग त्यांना नीट दाबत नाही. तांब्याचा कम्युटेटर तेलकट काळा झालेला असतो. तो बारीक काचकागदाने घासायचा, एमरीने नाही. एमरीची पूड वीज वाहून नेऊ शकते आणि ती खाचांत बसली की नवं दुखणं सुरू होतं. पण जुन्या सेल्फचा खरा छुपा शत्रू म्हणजे बुश. आर्मेचरचा दांडा ज्या पितळी-कांस्य बुशात फिरतो तो झिजला की दांडा खाली बसतो आणि आर्मेचर बाजूच्या चुंबकांच्या पायांना घासायला लागतं. खोललेल्या आर्मेचरवर एका बाजूला चकचकीत पट्टा दिसला की समजावं, हा गेली दोन वर्षं भिंतीला अंग घासत चालत होता. बॅटरी भरपूर, तारा नव्या, तरी फिरतोय जड. आणि बॅटरीचे व्होल्टही खाली बसतायत. मघाच्या लाइटच्या परीक्षेतला पहिला प्रकार तो हाच.

मालक म्हणतो, ‘आर्मेचर भरून टाका ना, मोटर भरतो तसं.’ विहिरीची मोटर भरून भरून हात बसलेल्या या जिल्ह्यात कुठलंही फिरणारं यंत्र भरून मिळतं, अशी श्रद्धा आहे. खरा कारागीर भरत नाही. लेथवर बुश काढून देतो, छिद्रं असलेला तयार बुश मिळाला तर तो बसवण्याआधी तेलात भिजत घालतो आणि दुसऱ्या दिवशी बोलावतो. भिजत घातलेल्या बुशाची वाट बघणं मालकाला जड जातं. घरी साबुदाणा भिजत घातलेला असताना जेवढी वाट तो बघतो तेवढीही तो इथे बघत नाही.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घोडा घेणारा आधी त्याचं तोंड उघडून दात बघतो, मग चाल बघतो. जुनी जीप घेणाऱ्यानेही हेच करावं, पण फारसं कुणी करत नाही. दात म्हणजे फ्लायव्हीलच्या कड्याचे दात. सेल्फची नऊ-दहा दातांची चकती पुढे येऊन शंभराच्या आसपास दात असलेल्या या कड्यात अडकते आणि इंजिन फिरवते. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक दोनच जागांपैकी एका जागी थांबतं, म्हणून दरवेळी त्याच दातांवर घाव बसतो. बाकीचे दात कोरे करकरीत आणि दोन ठिकाणचे बोथट. जाणता मिस्त्री कडं तापवून उतरवतो आणि पाव फेरा सरकवून परत बसवतो. घोड्याच्या बाबतीत ही सोय नाही.

चालीच्या बाबतीत मात्र विकणारा हुशार असतो. गिऱ्हाईक यायच्या आधी तो जीप अर्धा तास फिरवून आणतो. गरम इंजिन, भरलेली बॅटरी. पहिल्या सेल्फला गाडी उठते. थंड इंजिनावर सेल्फ ऐकल्याशिवाय जुनी जीप घेऊ नये.

थंडीची गोष्ट निघालीच आहे तर, मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या याच जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यातल्या डाब भागात गवतावर दव गोठतं. थंडीत बॅटरीचा जोर घटतो आणि त्याच वेळी इंजिनातलं ऑइल दाट होतं. धूर मारणाऱ्या आणि गळणाऱ्या जुन्या इंजिनात ‘धूर बंद होई’ म्हणून कुणीतरी सर्वांत दाट ऑइल ओतायला सांगितलेलं असतं. धूर जरा कमी होतो. सेल्फला मात्र पहाटे काकवीत बुडवलेलं इंजिन फिरवावं लागतं. धडगाव तालुक्यात अस्तंब्याचा डोंगर आहे. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा तिथे वावरतो आणि वाटेत भेटणाऱ्याकडे तेल मागतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. दिवाळीत हजारो माणसं रात्रीच्या अंधारात तो डोंगर चढतात. त्या यात्रेकरूंना तळोद्यातून पायथ्याकडे नेणाऱ्या जुन्या जीपाही दर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबून तेल मागतात. त्यांची जखम इंजिनाखाली असते, एवढाच फरक.

या सगळ्याला कंटाळलेल्या चालकाने शेवटी एक तोडगा काढलेला आहे, आणि तो तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. जुन्या डिझेल इंजिनाला पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं यांत्रिक. एकदा चालू झालं की चालत राहायला त्याला विजेची गरज नसते. मग बंद करायचंच कशाला? काही जीपा सकाळी धडगावच्या स्टँडवर उठतात आणि संध्याकाळीच डोळे मिटतात. मध्ये चहा होतो, जेवण होतं, एखाद्या ओळखीच्या घरी पाच मिनिटं म्हणून अर्धा तास बसणं होतं, आणि बाहेर जीप धडधडत असते. सेल्फ दुरुस्त करायचे वाचवलेले पैसे डिझेलमध्ये जातात, पण ते थोडे थोडे जातात म्हणून दुखत नाहीत.

आणि बंद करायचीच झाली तर उतारावर. हा नियम सेल्फ कमजोर झाल्याच्या दिवशी आपोआप लागू होतो. चालक गावात शिरतानाच उतार हेरतो. नातेवाईक निवडतानाही तो बघत असावा. चाकाला दगड, गिअर दुसरा, क्लच दाबलेला; सकाळी दगड काढला की गाडी घरंगळते, क्लच सुटतो, एक हिसका, काळा धूर, आणि गाडी चालू. सपाटीवर गाडी बंद पडली तर प्रवासी उतरून ढकलतात. भाडं त्यांनी आधीच दिलेलं असतं; ढकलण्याचा भत्ता मागितल्याचं अजून ऐकिवात नाही.

तेव्हा शहादा, तळोदा, नवापूर, धडगाव, कुठेही उतारावर नाक खाली करून उभी असलेली, मागच्या चाकाला दगड लावलेली जुनी जीप दिसली, तर कृपा करून तिच्यासमोर आपली मोटारसायकल लावू नका.